भंडारा लावलेला प्रोसेसर

आमच्या कुपवाडच्या घरात सगळ्यात थंड जागा कॉम्प्युटरची होती. दोन खोल्या, वर पत्रा, आणि उन्हाळा लागला की दुपारच्या वेळी तो पत्रा असा तडतडायचा की नव्या पाहुण्याला वाटावं, वर कुणीतरी चालतंय. मागच्या भिंतीला एकच खिडकी. तिच्यात आई गोणपाट ओलं करून टांगायची आणि त्यातून जी काय बरी हवा आत यायची, तिचा पहिला मान कॉम्प्युटरचा, दुसरा दादाचा, उरलीसुरली आम्हा तिघांची. आई म्हणायची, "सवत परवडली, पर ही पेटी नगं." तरी गोणपाट ओलं करायला ती कधी विसरली नाही. पलीकडच्या कारखान्यातला प्रेस दिवसरात्र धप्प धप्प वाजायचा आणि त्याच्या तालावर फळीवरची भांडी हलायची. पुढे मी साताऱ्याला राहायला आले तेव्हा पहिले काही महिने मला झोप लागायची नाही. आवाज होतो म्हणून झोप न लागणारी माणसं बरीच असतात, मला मात्र भांडी गप्प बसली आहेत म्हणून जाग यायची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बिरू. शाळेत असताना तो पळताना पडायला लागला, मग चालताना, मग नुसतं उभं राहतानाही. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा स्नायूंचा आजार आहे, याला औषध नाही, सांभाळायचं. मी तेव्हा इतकी लहान होते की 'सांभाळायचं' हेच त्या औषधाचं नाव असेल असं मला वाटलं होतं. आमचे आबा कवठे महांकाळकडचे, पिढ्यान्पिढ्या मेंढरं राखणारे. पावसाळ्यापुरतं गाव, बाकी सगळा काळ मेंढरांमागं मुलूख तुडवायचा. पण चाकाच्या खुर्चीतलं पोर घेऊन माळ तुडवता येत नाही आणि दवाखाना तर मिरजेत. तेव्हा आबांनी मेंढरं विकली आणि कुपवाडच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे भरायच्या, कामाला लागले. ज्या माणसाला एका जागी बसून भाकरीसुद्धा गोड लागत नसे, तो दिवसभर एका भट्टीपुढं उभा राहायला लागला. तक्रार अशी त्यांनी कधी केली नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून ते मिरजेपर्यंत चालत जायचे आणि काहीही काम न करता परत यायचे.

कॉम्प्युटर मामानं आणला. मामा फौजेत होता. त्याच्या कुणा साहेबाच्या मुलानं नवा घेतला म्हणून हा जुना गेमिंगचा कॉम्प्युटर त्यानं मागून घेतला आणि ट्रंकेत कांबळ्यात गुंडाळून आणला. पेटीच्या एका अंगाला पारदर्शक झाकण होतं आणि आत निळा दिवा लागायचा. आईनं तो पहिल्यांदा पाहिला आणि नकळत पदर डोक्यावर घेतला. दादानं त्यावर एक खेळ सुरू केला. चौघांची एक टोळी, बंदुका, पडकी घरं, आणि इंटरनेटवरून समोर दुसरी टोळी. दादाच्या टोळीत आमच्या मागच्या गल्लीतला समीर होता आणि त्याच्या सांगलीच्या कॉलेजातले दोघं. संध्याकाळी चौघंही आपापल्या घरी डोक्याला हेडफोन लावून बसायचे. दादा टोळीचा म्होरक्या. "सम्या, डावीकडनं ये. थांब रं गड्या, आत्ताच नगं उठू," असा त्याचा आवाज त्या वेळेपुरता एकदम रुंद व्हायचा. त्या दोघांनी दादाला कधी पाहिलं नव्हतं, आणि तो खुर्चीत असतो हे समीरनं त्यांना सांगितलं नव्हतं. एकदा त्यातला एकजण म्हणाला, "बिऱ्या, तू लय पळतोस राव, आमाला दम लागतो." दादानं ते मला सांगितलं आणि दिवसभर सारखा हसत राहिला. तो तसा हसताना मला फार आवडायचा.

आबांना तो खेळ पटत नव्हता. कामावरून आले की शर्टाची काळी वाळू दारात झटकायचे, चहाची बशी घेऊन उंबऱ्यावर बसायचे आणि आत पडद्यावर उडणाऱ्या गोळ्या बघून म्हणायचे, "सगळ्यास्नी मारून झालं का, न्हाई अजून?" दादा खेळतच राहायचा. त्या दोघांत भांडण असं नव्हतं, बोलायला विषय नव्हता. आबांना मेंढरं, वाटा आणि पाऊस कळायचा, आणि या तिन्हीतलं काहीच दादाच्या वाट्याला आलं नव्हतं. हुलग्याचं माडगं प्यायला दोघं शेजारी बसत तेव्हा फक्त फुरके ऐकू यायचे.

मग त्या खेळाची नवी आवृत्ती आली. सगळे तिकडं गेले, दादाही गेला, आणि आमच्या पेटीला ते झेपेना. चित्र अडकायचं, माणूस एका जागी गोठायचा आणि पुन्हा हलायचा तेव्हा मेलेला असायचा. समीर चांगला मुलगा होता, पण किती दिवस चांगला राहणार? "बिऱ्या, तू उशिरा दिसतोस रं. तवर आमी मरतोय," असं तो आधी हसत म्हणायचा, मग नुसतं म्हणायला लागला. एक दिवस दादाच्या जागी त्यांनी चौथा मुलगा घेतला, आजच्यापुरता म्हणून. दादा त्या संध्याकाळी हेडफोन लावून त्यांचं बोलणं नुसतं ऐकत बसला. मी भाकरीचं ताट घेऊन गेले तर म्हणाला, "ठेव तिथं. जिंकत्यात ते." आम्ही सोडले तर दादाला दिवसभरात बोलायला ती एक संध्याकाळच होती, आणि आता तीही जाणार हे आम्हा दोघांना दिसत होतं.

मी तेव्हा बारावी करून सांगलीत एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकत होते. दुकानात मी एकटीच मुलगी. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडं बघायचं आणि विचारायचं, "कुणी हाय का दुकानात?" तिथं मला ओव्हरक्लॉकिंग कळलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरची सगळी आकडेमोड करणारी चौकोनी चकती, बिस्किटाएवढी. तिचा वेग कारखान्यातून ठरून येतो, पण सेटिंगमध्ये शिरून तो वाढवता येतो. फक्त चकती तापते, आणि वेळीच थंड केली नाही तर मशीन बंद पडतं. मी घरी येऊन वेग एकेक पायरी वर चढवत नेला. पेटीचं झाकण काढून टाकलं आणि घरातला एकुलता टेबलफॅन तिच्या उघड्या पोटाकडं तोंड करून लावला. पहिल्या दिवशी खेळ सुतासारखा चालला. दादा पुन्हा टोळीत, चौथ्या मुलाला रजा. आई पदरानं वारा घेत म्हणाली, "चालू द्या. आमी काय, घामाचीच मानसं."

पण तो कुपवाडचा पत्रा होता. संध्याकाळपर्यंत खोली भट्टी होऊन बसायची आणि ऐन चकमकीत पडदा काळा व्हायचा. मी वेग थोडा उतरवायची की चित्र अडकायचं, चढवायची की मशीन बंद. दादा पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा सारखा बघत राहायचा, आई त्याच्या कपाळाला हात लावून बघायची तसा. आबा एकदा माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "त्येची ताकद तेवडीच हाय, सारे. वाढवून वाढत न्हाई. बसलं म्हंजे मग उठायचं न्हाई." ते कॉम्प्युटरबद्दलच बोलत होते. तरी दादानं खुर्ची भिंतीकडं वळवली.

शेवटी दुकानाच्या मालकांनीच वाट काढली. एका भंगारात आलेल्या मशीनमधून त्यांनी एक प्रोसेसर काढून मला दिला. आमच्या पेटीत बसेल अशा जातीतला हा शेवटचा आणि सगळ्यात जोरकस. "जपून ने," ते म्हणाले, "ह्ये बेणं आता बाजारात घावत न्हाई." त्या जातीच्या प्रोसेसरला पोटाखाली शेकडो सोनेरी पिना असतात, केसासारख्या बारीक. एक वाकली तरी तो आपल्या जागेवर बसत नाही. मी तो साबणाच्या डबीत, स्पंजच्या तुकड्यावर, पिना वर करून ठेवला आणि एसटीत डबी मांडीवर धरून बसले. घरी आल्यावर दादानं डबी हातात घेतली आणि कितीतरी वेळ त्या पिना न्याहाळत बसला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मी लगेच जुना काढून नवा बसवायला निघाले तर आबांनी दारातून हाक दिली. फाउंड्रीत त्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा व्हायची, आणि जुना माणूस म्हणून पूजेचा मान आबांना असायचा. "नवं हत्यार हाय न्हवं ते? मग पुजल्याबिगर चालवायचं न्हाई. उद्याच्याला पुजू, मग काय करायचं ते कर." दादानं माझ्याकडं बघितलं, मी दादाकडं. आबांनी त्या पेटीला हत्यार म्हणावं ही आमच्या घरात केवढी मोठी गोष्ट होती! इतके दिवस ती 'तसलं ते' होती. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे सारे. एक दिस काय."

सकाळी आईनं पुरण घातलं होतं. कटाच्या आमटीचा वास पत्र्याखाली कोंडून राहिला होता आणि बाहेर प्रेस बंद असल्यामुळं भांडी वर्षातून एकदा मिळणारी विश्रांती घेत होती. मी पाट मांडला. त्यावर माझा स्क्रू-ड्रायव्हर, आबांची मेंढरं कातरायची जुनी कातर, आईची विळी, आणि मधोमध उघड्या डबीत तो प्रोसेसर, पिना वर. मग झेंडूची फुलं आणायला मी कोपऱ्यावर गेले. आई चुलीपाशी होती. खोलीत आबा आणि दादा, दोघंच.

मी परत आले तेव्हा पूजा झाली होती. कातरीला भंडारा, विळीला भंडारा, स्क्रू-ड्रायव्हरला भंडारा. आमच्याकडं बिरोबाचा भंडारा म्हणजे हळदीची पूड, आणि आबांची तो लावायची पद्धत अशी की पूड पाण्यात कालवायची, अंगठा बुडवायचा आणि ज्याला लावायचा त्याच्यावर नीट दाबून ओढायचा. मेंढराच्या कपाळाला लावायची ती सवय. डबीतल्या प्रोसेसरची सोनेरी बाजू वर होती, तेव्हा तेच त्याचं तोंड असणार असं धरून त्यांनी त्यावरही अंगठा दाबला होता आणि पुढं ओढला होता. वळवाच्या वाऱ्यानं ज्वारी लोळावी तशा त्या पिना एका अंगाला लोळल्या होत्या आणि सगळ्यावर ओली हळद बसली होती. आबा हात जोडून उभे होते. त्यांचे डोळे ओले होते. माझ्या तोंडातून शब्द निघणार तेवढ्यात दादानं मान हलवली. नको, असं.

आबा बाहेर गेल्यावर मी दादावर तुटून पडले. "तू हितं बसला हुतास न्हवं? तुला दिसत न्हवतं? नुसतं 'आबा, थांबा' म्हनायला काय झालं हुतं तुला?"

दादानं पाटाकडं बघितलं. मग म्हणाला, "आबा त्येच्याशी बोलत हुतं, सारे. म्हनलं, माज्या लेकराचं पाय आता तूच. त्येला घिऊन नीट पळ." मग तो माझ्याकडं वळला. "आपल्या आबांला असलं बोलता येतं, ठावं हुतं का तुला? म्या कसं थांबवू?"

मी त्या पिना सुईनं आणि ब्लेडच्या पात्यानं सरळ करायला बसले. टूथब्रशनं हळद काढली. आज साताऱ्याच्या कॉलेजात माझ्या हाताखाली शिकणारी मुलं वाकलेली पिन भिंगाखाली सरळ करतात तेव्हा मी तिथून बाजूला होते. एक पिन तुटली, मग दुसरी. मी तो प्रोसेसर डबीत ठेवून दिला आणि पेटीत जुनाच राहू दिला. मिरज-सांगलीत तसला दुसरा मी पुढं किती शोधला, मिळाला नाही. दादानं मात्र तोवर ठरवून टाकलं होतं. "आबांला कळता कामा नये. आईला बी न्हाई."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबा कामावरून आले ते सरळ आत. शर्टसुद्धा झटकला नाही. "पळतंय का रं?"

"पळतंय आबा. लय पळतंय," दादा म्हणाला.

आणि मग आमच्या घरात ते सुरू झालं, ज्याच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही. आबांची यायची वेळ झाली की दादा त्या पेटीवरचा जुना, आधीचा खेळ लावायचा. तो जुन्या प्रोसेसरवर सुरळीत चालायचा, पण तिथं आता कुणीच येत नव्हतं. समोरच्या टोळीत कॉम्प्युटरचीच माणसं, आणि दादाच्या टोळीतही. दादा डोक्याला हेडफोन लावायचा आणि बोलायचा. "सम्या, डावीकडनं ये. थांब रं गड्या." मधेच हसायचा. मधेच कुणाचं तरी ऐकल्यासारखा थांबायचा आणि म्हणायचा, "बरं बरं, तू हो फुडं." हेडफोनची वायर टेबलाखाली तशीच लोंबत असायची, कुठं जोडलेली नसायची. आबा त्याच्या मागं पत्र्याची खुर्ची ओढून चहा पीत बसायचे. त्यांना त्या वायरीचं काय कळणार? ते पडद्यावर पळणाऱ्या माणसाकडं बघायचे, आणि मला त्या दोघांकडं बघवायचं नाही म्हणून मी भाकऱ्या थापायला जायची. आईला भाकऱ्या थापायला माझी गरज नव्हती.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी आबा आणि दादा यांच्यात जितकं बोलणं झालं तितकं आधी कधीच झालं नव्हतं. "त्यो कोन रं, निळ्या कपड्यातला?" "आपलाच हाय आबा." "मग त्येला मागं का सोडलास? मागचं एकटं सोडू नये." असं. टोळीत दादाच्या जागी तो चौथा मुलगाच कायमचा बसला होता. समीर महिन्याकाठी कधी घरी यायचा, मग पुण्याला नोकरी लागली तसा तोही यायचा बंद झाला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

आबांनी फाउंड्रीत सगळ्यांना सांगितलं. "माज्या हातचा भंडारा लागला आन् पोराचं मशीन पळायला लागलं." आणि मशीनला गुण येतो तर पोराला का नाही, म्हणून रोज सकाळी आंघोळ झाली की ते कालवलेला भंडारा घेऊन दादापुढं बसायला लागले. गुडघ्यांना, पोटऱ्यांना, मग हातांना. अंगठा तसाच दाबून. दादाला ते दुखायचं, हे त्याच्या ओठांवरून मला कळायचं. "बरं वाटतंय का रं?" आबा विचारायचे. "वाटतंय आबा." आईनं पिवळे डाग पडतात म्हणून त्याच्या पांढऱ्या चादरी काढून टाकल्या.

पुढच्या थंडीत दादाच्या छातीत कफ भरला. पायांतलं बळ नेणारा आजार छातीतलंही नेतो, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलेलं होतं, पण सांगितलेलं आणि झालेलं यात फार अंतर असतं. मिरजेच्या दवाखान्यात आबांनी त्याच्या छातीला भंडारा लावला, नर्सनं तो ओल्या कापसानं पुसला, ती वळल्यावर आबांनी पुन्हा लावला. दादाच्या नाकातोंडावर मास्क होता. तो माझ्याकडं बघून डोळ्यांनी हसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्या वेळी मी कँटीनमधून आईसाठी चहा आणायला गेले होते, आणि कप हातात घेऊन किती वेळ जिन्यात उभी होते ते मला आठवत नाही.

तेरावा झाला, पाहुणे कवठ्याला परत गेले. आबा उंबऱ्यावर बसले होते. मी त्यांना बशीत चहा ओतून दिला. त्यांनी तो तसाच खाली ठेवला आणि रस्त्याकडं बघत विचारलं, "सारे, त्या लोखंडाला माज्या हाताचा गुण आला. एका दिवसात आला. आन् माज्या लेकराला रोज लावत हुतो, त्येला का न्हाई आला? म्या कुठं कमी पडलो?"

माझ्याजवळ उत्तर होतं. आबा, लोखंडालाही गुण आला नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. मग ते कमी पडले नसते. पण त्याच्या पाठोपाठ ते सगळं कळलं असतं, अंगठा, पिना, समीर, ती लोंबणारी वायर, आणि आपल्या पोराच्या शेवटच्या संध्याकाळी कशा गेल्या ते. आईनं आतून हाक मारली म्हणून मी उठले. खरं तर तिनं हाक मारली नव्हती.

त्या दिवसापासून आबांनी भंडाऱ्याला हात लावला नाही. बिरोबाच्या बनात गेले नाहीत, घरातला देव्हारा आई गेल्यावर भावकीत देऊन टाकला. आता ते माझ्याकडं साताऱ्याला असतात. लोक विचारतात, तुमचे आबा देवाधर्माचं काहीच कसं करत नाहीत, तर मी सांगते, वय झालं. अधूनमधून ते मला तोच प्रश्न विचारतात. शब्दसुद्धा तेच. मी दर वेळी ठरवते की या खेपेला सांगून टाकायचं, आणि दर वेळी त्यांच्या तोंडाकडं बघून गप्प राहते. आत्ताही ते पलीकडच्या खोलीत खिडकीशी बसले आहेत, मघाशी येऊन काय लिहितेस म्हणून विचारून गेले. दादाचं लिहितेय म्हटलं. त्यांनी कागदावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चांगलं लिव्ह." आबांना वाचता येत नाही. एवढ्याच भरवशावर मी हे लिहिलं आहे.